अळणी शब्दाची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात वाचनवर्गाविषयी दोन शब्द बोल, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी काही वक्ता नव्हे. आपल्या मंडळात पापडांचा वर्ग चालतो, भजनाचा चालतो, शिवणाचा चालतो. त्यांचे काम डोळ्यांना दिसते. पापड मोजता येतात, झबले घडी घालून दाखविता येते. वाचनवर्गाने वर्षभर काय केले हे दाखवावयाचे म्हटले तर हातात धरण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. म्हणून जे घडले ते सांगते. त्यात माझी एक चूकही आली आहे, ती झाकून ठेवणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आपण हा वर्ग सुरू केला. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा, बारा ते पंधरा वर्षांच्या मुली. पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. मी प्रत्येकीला थोडे थोडे वाचावयास सांगितले. काय सांगू, सगळ्या घडाघडा वाचीत होत्या! जोडाक्षरे स्पष्ट, उच्चार शुद्ध. मला वाटले, यांना शिकवावयाचे तरी काय?

मग मी एक गंमत केली. फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘सायंकाळी टिमूने झिमट खुडली आणि लोपटात ठेवली.’ आणि विचारले, ‘टिमूने काय खुडले?’ चौदा हात वर. ‘झिमट!’ ‘कोठे ठेवली?’ ‘लोपटात!’ ‘केव्हा?’ ‘सायंकाळी!’ सगळी उत्तरे बरोबर. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी गुण. मग विचारले, ‘आता सांगा, झिमट म्हणजे काय आणि लोपट म्हणजे काय?’ तेव्हा सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. भगिनींनो, ते मलाही ठाऊक नाही, कारण ते शब्द मीच बनविले होते!

ही गंमत आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. परीक्षेत उतारा देतात आणि खाली प्रश्न देतात. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधावयाचे, त्यांच्या आजूबाजूचे वाक्य उचलावयाचे आणि उत्तर म्हणून लिहावयाचे, ही युक्ती मुलांना फार लवकर साधते. गुण मिळतात, आपण घरी पेढे वाटतो, आणि मूल समजून वाचते की नाही याचा कोणालाच पत्ता लागत नाही. डोळे ओळीवरून धावतात, तोंड शब्द उच्चारते, पण मन अंगणातच उभे असते. घरात शिरत नाही.

वर्गासाठी कोणते पुस्तक घ्यावे यावर बराच खल झाला. शेवटी साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घेतले. काही मुलींनी नाक मुरडले. ‘ते रडके पुस्तक ना? आमच्या आजीला ठाऊक आहे,’ असे एकीने म्हटले. दुसरीने आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पाहिला होता, त्यामुळे तिला गोष्ट ‘ठाऊक’ होती. तरी मी हट्ट धरला, आणि त्याला कारणे होती.

पहिले कारण असे की हे पुस्तक मुळात सांगितलेले आहे. आश्रमातले सोबती रात्री प्रार्थनेनंतर जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची बांधणी आहे. म्हणून प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे. अशा बेचाळीस रात्री आहेत. एका बैठकीत एक रात्र पुरी होते. दुसरे कारण, लिहिणारा स्वतः मुलांचा शिक्षक. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवीत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. मुलांना काय समजते आणि कोठे अडते हे ज्याला रोज दिसत होते, त्याने १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले. तिसरे कारण आपल्या मंडळाच्या तिजोरीचे! गुरुजी १९५० साली गेले. कायद्याप्रमाणे २०११ पासून या पुस्तकाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. त्यामुळे स्वस्त प्रती मिळतात. आपण सात घेतल्या, दोघींत एक.

आणि चौथे कारण शब्दांचे. या पुस्तकातले शब्द मोठ्या ग्रंथांतले नाहीत. ते चुलीजवळचे, गोठ्यातले, देवघरातले, सावकाराच्या ओसरीवरचे आहेत. आपल्या आज्यांच्या तोंडी ते सहज होते. आपल्या मुलींच्या कानांवरून मात्र ते गेलेले नाहीत.

आता माझी चूक सांगते. मी ठरविले की शब्दसंग्रह वाढवावयाचा म्हणजे यादी करावयाची. प्रत्येक रात्रीतले पन्नास कठीण शब्द काढा, वहीत उतरवा, पुढे अर्थ लिहा, पाठ करा. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे जाडजूड खंड ग्रंथालयातून आणून टेबलावर मांडले. मुलींनी वह्या भरल्या. अर्थही म्हणून दाखविले. पुढच्या शनिवारी त्यांतले दहा विचारले तर तीन आठवेनात! आणि चौदाच्या नऊ झाल्या, नवाच्या सात. एका मुलीची आई मला वाटेत भेटून म्हणाली, ‘मराठी वाचनाने पुढे काय होणार? तो तास गणिताला दिलेला बरा.’ मला तिचा राग आला. पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटले, मी जे चालविले आहे ते पाहता तिचे काय चुकले?

अशात अठरावी रात्र आली. तिचे नाव ‘अळणी भाजी’. आपणांपैकी बहुतेकींना ती आठवत असेल. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील जेवून उठतात, पण मिठाविषयी चकार शब्द काढीत नाहीत. आई मागाहून स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिच्या ध्यानात येते, आणि तिला फार लागते. एवढासा प्रसंग, पण सगळा संसार त्यात आहे.

ते प्रकरण एका मुलीने वाचले. वर्गात सर्वांत सफाईने वाचणारी ती. शाळेत वाचनाचे बक्षीस मिळविलेली. मी विचारले, ‘अळणी भाजी म्हणजे कोणती ग?’ ती चटकन म्हणाली, ‘अळूची.’

सगळ्या खो खो हसल्या. आणि भगिनींनो, मीही हसले. ती मुलगी लाल झाली, पुस्तक मिटून खाली बसली आणि पुढचे दोन शनिवार आली नाही.

रात्री मला झोप लागेना. तिचे चुकले काय होते? ‘अळू’ तिला ठाऊक होते, ‘अळणी’ ठाऊक नव्हते. तिने जवळच्या शब्दावरून अंदाज बांधला. अंदाज बांधणे ही तर वाचकाची पहिली बुद्धी! तिला फक्त एकच गोष्ट कोणी शिकविली नव्हती, की अंदाज बांधल्यावर तो पुढच्या मजकुराशी ताडून पाहावा. भाजी अळूची असती तर आईला वाईट का वाटले असते? हा प्रश्न मी विचारावयास हवा होता. त्याऐवजी मी हसले. एक शब्द अडला आणि अख्खे प्रकरण त्या मुलीला बंद राहिले. आणि माझ्या हसण्याने तर पुस्तकाचे दारच बंद होण्याची वेळ आली.

आपल्या मंडळात एक काकू आहेत. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. त्या राजापूरकडच्या. दुसरीत शाळा सुटली. अक्षरओळख आहे, पण दोन ओळी वाचल्या की थकतात. शनिवारी त्या भजनाची पेटी कपाटात ठेवावयास येत आणि मागे बसून ऐकत. त्या दिवशी हसणे झाले तेव्हाही त्या होत्या, आणि त्या हसल्या नव्हत्या. तिसऱ्या शनिवारी पाहते तो त्या मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. तिच्या घरी जाऊन त्यांनी काय सांगितले ते मला पुढे कळले. म्हणाल्या, ‘पोरी, तुला वाचता येते पण शब्द कळत नाहीत. मला शब्द कळतात पण वाचता येत नाही. तू वाच, मी सांगते. दोघींचे मिळून एक माणूस होऊ.’

भगिनींनो, मी वर्षभरात जे शिकले ते या एका बोलण्यात आले. त्या दिवसापासून मी यादी बंद केली, कोश कपाटावर ठेवला, आणि वर्गाची रीतच बदलली. ती रीत थोडक्यात सांगते, कारण आपणांपैकी कोणालाही ती घरी करता येईल.

पहिली गोष्ट, कठीण शब्द आला की लगेच अर्थ सांगावयाचा नाही. ‘तुला काय वाटते?’ असे विचारावयाचे, आणि मग ‘हे कशावरून?’ असे विचारावयाचे. मुलीने आजूबाजूच्या वाक्यांतून पुरावा काढून दाखविला पाहिजे. बाराव्या रात्री श्यामला पोहावयास जावयाचे भय वाटते आणि आई शिंपटी घेते. शिंपटी म्हणजे काय? एकीने ‘पाण्याचे भांडे’ म्हटले, ‘शिंपणे’वरून. बरे, आई भांड्याने काय करील? पुढे वाचले आणि तिचे तिलाच कळले. मग काकूंनी बाहेरच्या जास्वंदीची ओली काटकी मोडून आणली आणि हवेत सपकन ओढून दाखविली. तो शब्द आता जन्मात कोणी विसरणार नाही. कोश मी फेकून दिला असे मात्र समजू नका. कोश शेवटी उघडावयाचा, आपला अंदाज खरा ठरला का ते पाहावयास. ‘अळणी’ हा शब्द मुलींनी असाच पाहिला. लवण म्हणजे मीठ. ज्यात लवण नाही ते अलवण, आणि त्याचेच घरगुती रूप अळणी. ज्या मुलीला हसलो होतो तिनेच तो कोशात शोधून मोठ्याने वाचला.

दुसरी गोष्ट, शब्दाचे गोत्र पाहावयाचे. सातवी रात्र ‘पत्रावळ’. मुलींना पत्र म्हणजे टपालाने येणारे एवढेच ठाऊक. पण पत्र म्हणजे मूळचे झाडाचे पान. मग बेलपत्र आले, तमालपत्र आले. पानावर लिहीत म्हणून लिहिलेल्या मजकुरालाही पत्र म्हणू लागले, आणि तेथून वर्तमानपत्र आणि लग्नपत्रिका. ‘आवळ’ म्हणजे आवली, ओळ. पानांची ओळ ती पत्रावळ. तेवढ्यात एक लहान मुलगी ओरडली, ‘बाई, मग दीपावली म्हणजे दिव्यांची ओळ!’ तिला जो आनंद झाला तो पन्नास शब्द पाठ करून कधी झाला नव्हता. काकूंनी पुढच्या खेपेला पळसाची पाने आणविली आणि चोया टोचून पत्रावळ कशी लावावी ते दाखविले. श्यामला ती लावता येत नव्हती म्हणून त्याची काय फजिती झाली, हे मुलींना बोटांना चोय बोचली तेव्हा खरे समजले.

तसेच ‘वित्तहीनाची हेळसांड’. चौतिसाव्या रात्रीचे हे नाव ऐकूनच मुली घाबरल्या. मी म्हटले, तोडून पाहा. ‘वित्त’ शब्द बँकेच्या पाटीवर आणि बातम्यांत रोज दिसतो. ‘हीन’ म्हणजे नसलेला. बलहीन, गुणहीन, अर्थहीन आपोआप आले. राहिली हेळसांड. ‘आजोबांच्या औषधाची हेळसांड करू नका’ असे घरी म्हणतात, हे एकीला आठवले. कठीण वाटलेल्या शब्दांपैकी निम्मे आपल्या घरातच होते.

तिसरी गोष्ट, एका बैठकीला पाचच शब्द. पण ते आठवडाभर घरात वापरावयाचे आणि कोठे वापरले ते येऊन सांगावयाचे. वापरल्यावाचून शब्द आपला होत नाही. शेजारणीकडून आणलेल्या वाटीसारखा तो परत जातो. चाळिसाव्या रात्रीचे नाव ‘शेवटची निरवानिरव’. निरवणे म्हणजे जाताना आपली वस्तू, आपले माणूस विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविणे. पुढल्या शनिवारी एका मुलीने सांगितले, ‘आमची आजी गाव सोडून आमच्याकडे आली तेव्हा तिने आपली गाय शेजारणीला निरवली. आजी तेव्हा रडली होती. मला वाटले होते, गाईसाठी काय रडायचे?’ एवढे बोलून ती गप्प झाली. तिला एक शब्द मिळाला आणि त्याबरोबर आपली आजी थोडीशी कळली.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक प्रकरणानंतर तीनच प्रश्न. काय घडले? का घडले? तुला पटले का? पहिल्याचे उत्तर पुस्तकात सापडते. दुसऱ्याचे ओळींच्या मधून शोधावे लागते. तिसऱ्याचे स्वतःपाशी.

पंचविसाव्या रात्री एका महार म्हातारीची मोळी खाली पडते आणि शिवाशिवीमुळे कोणी ती उचलून देत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून द्यावयास पाठविते, आणि घरी येऊन आंघोळ कर म्हणून सांगते. हे वाचून एक मुलगी उसळून म्हणाली, ‘मदत करायची तर आंघोळ कशाला? हे मला पटले नाही.’ दुसरी म्हणाली, ‘त्या काळी तिने एवढे केले हेच पुष्कळ.’ पाऊण तास वाद चालला. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. फक्त एवढे सांगितले की ज्या मुलाने ती मोळी उचलली, त्यानेच मोठेपणी, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. त्याच्या मनातली आंघोळ कोठे संपली असेल? त्यावर सगळ्या विचारात पडल्या. पुस्तक आवडणे म्हणजे त्यातले सगळे मान्य करणे नव्हे. जी मुलगी ‘पटले नाही’ म्हणाली आणि कारण सांगू शकली, तिनेच ते प्रकरण सर्वांत नीट वाचले होते, असे मी मानते.

आता फळाविषयी. चौदाच्या सात झाल्या होत्या, त्या पुन्हा अकरा झाल्या. तीन जणी आल्याच नाहीत. त्यांचा दोष मी माझ्याकडे घेते. शाळेतले गुण वाढले का, असे विचाराल तर काहींचे वाढले, काहींचे नाहीत. पण पूर्वी न कळलेला शब्द मुली गुपचूप ओलांडून जात. आता ‘बाई, थांबा, हे कळले नाही’ म्हणतात. माझ्या मते ही मोठी कमाई आहे. न कळलेले कबूल करावयास धीर लागतो, आणि जेथे हसतात तेथे तो धीर येत नाही.

आणि काकू? गेल्या महिन्यात बेचाळिसावी रात्र होती, शेवटची. वाचावयास कोण उठते म्हणून मी पाहत होते, तो काकूंनी चष्मा पुसला आणि पुस्तक पुढे ओढले. बोट ठेवून, अडखळत, त्यांनी पहिला परिच्छेद वाचला. एका जोडाक्षरापाशी त्या थांबल्या. शेजारी तीच ‘अळूवाली’ मुलगी बसली होती. तिने लगेच सांगितले नाही. हळूच म्हणाली, ‘काकू, तुम्हांला काय वाटते?’ त्यांनी अंदाज केला, तो बरोबर आला. कोणी हसले नाही. परिच्छेद संपला तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या, ‘चला, झाले.’

भगिनींनो, माझी आपणांजवळ मागणी छोटी आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे काढा. मुलाने वाचावे, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने ऐकावे आणि शब्दापाशी थांबून बोलावे. आपण फार शिकलेल्या नाही, असे म्हणून मागे राहू नका. आपल्या तोंडी जे शब्द आहेत ते मुलांना कोशातून शोधावे लागतात. आणि मूल चुकले तर कृपा करून हसू नका; ‘कशावरून?’ असे विचारा.

पुढील वर्षासाठी दुसरी कादंबरी निवडावयाची आहे, आणि या वेळी निवड मुलीच करणार आहेत. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत मुलांची जुनी पुस्तके पडली असतील तर मंडळाच्या कपाटात आणून द्या. शनिवारी पाचला दार उघडे असते. मीठ नसलेली भाजी जशी घशाखाली उतरते पण जिभेला लागत नाही, तसे अर्थावाचूनचे वाचन. आपल्या घरचे वाचन अळणी राहू नये, एवढेच माझे मागणे.